नाव छापू नका

मैत्रिणींनो, पाककृती विचारणारी पत्रं या पानाला नवीन नाहीत. कुणाचे अनारसे तुपात विरघळतात, कुणाचा ढोकळा फुगत नाही, कुणाला जावयासाठी झटपट काहीतरी गोड हवं असतं. गेल्या महिन्यात हिंगोलीहून आलेलं एक पत्र मात्र मी तीनदा वाचलं. वहीचा रेघांचा कागद, निळी शाई, नेटकं अक्षर. मजकूर थोडक्यात असा : मुलगा पुण्याला नोकरीला आहे. मित्रांबरोबर एका मोठ्या हॉटेलात गेला होता. तिथे त्याने डुकराच्या बरगड्या खाल्ल्या. हाडापासून अलगद सुटणारं मांस, वरून गोड-तिखट चिकट पाक. त्याने मोबाइलवर फोटो पाठवला आणि आईला म्हणाला, ‘हे घरी करशील का?’ बाई लिहितात, ‘ताई, हे मटण मी लग्नाआधीपासून शिजवते. पण आमचं रश्शाचं. तो चिकटपणा कसा आणायचा तेवढं सांगा.’ खाली सही. आणि सहीखाली दोन रेघा मारून लिहिलेलं : ‘नाव छापू नका.’

अनारशांच्या पत्राखाली असं कुणी लिहीत नाही.

नवऱ्याच्या दारूबद्दल, सासूच्या जाचाबद्दल जी पत्रं येतात, त्यांच्या खाली ही ओळ असते. एका पदार्थाच्या कृतीखाली ती पहिल्यांदाच पाहिली आणि बेचैन झाले. उत्तर द्यावं तर माझ्या घरात हे कधी शिजलेलंच नाही. मग पत्रातल्या नंबरवर फोन केला. ‘मला पाकाचं थोडं कळतं, तुम्हाला मटणाचं कळतं. दोघी मिळून करून बघू या का?’ पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच, ‘तुमी खरंच येताव?’

एका रविवारी गेले.

दोन खोल्यांचं भाड्याचं घर. वर घरमालक राहतात. स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर बाईंनी काय केलं असेल, तर खिडकी लावून घेतली. मग उदबत्ती लावली. उन्हाळा तोंडावर, आत कुकर, आणि खिडकी बंद! मी विचारलं तर हसून म्हणाल्या, ‘सवय आहे, ताई. वरून कुणी इचारलं तर अंडाकरी म्हणून सांगते.’ अकरा वर्षं त्या घरात अंडाकरीच शिजते आहे.

आधी कृती सांगते, कारण पत्र त्यासाठी होतं.

बरगड्या एक किलो. खाटकाकडून दोन-दोन हाडांचे तुकडे करून आणायचे. फार बारीक नकोत, नाहीतर शिजल्यावर नुसती हाडं हातात येतात. बरगडीच्या आतल्या बाजूला एक पातळ, चकचकीत पडदा असतो. सुरीच्या टोकाने एक कोपरा सोडवायचा, कोरड्या फडक्यात पकडायचा आणि ओढायचा. बहुतेक वेळा अख्खा निघून येतो. तो राहिला तर मांस कितीही शिजलं तरी दाताखाली रबरासारखं लागतं, आणि पाकही आत मुरत नाही. बाईंना हे ठाऊक नव्हतं. ‘आमी तर तसंच शिजवतो की,’ म्हणाल्या. पण पुढचे सगळे पडदे त्यांनी माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने काढले.

धुऊन घेतलेल्या तुकड्यांना दीड चमचा मीठ, चमचाभर हळद आणि दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण चोळून तासभर ठेवायचं. हळद अर्थातच वसमतची! तिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना मी सांगायला नको. मग कुकरमध्ये दोन कांदे उभे चिरून, चार मिरे, दालचिनीचा तुकडा आणि दोन वाट्या पाणी. तेल घालायचं नाही. डुकराच्या मांसाला स्वतःची चरबी असते, तीच सुटते. एक शिट्टी झाली की आच अगदी मंद करून वीस-पंचवीस मिनिटं. गावरान, जुनं जनावर असेल तर आणखी दहा.

इथे घाई करू नका. बरगडीचं मांस चिवट असतं, कारण ते हाडाला बांधून ठेवणाऱ्या पांढऱ्या धाग्यांनी भरलेलं असतं. त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते मोठ्या आचेला दाद देत नाही, वेळेला देतं. ओलाव्यात बराच वेळ गरम राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, म्हणजे पायाच्या सूपाला जो ओठ चिकटवणारा गुण असतो तोच. मऊपणा त्यातूनच येतो आणि अर्धा चिकटपणाही. झाकण उघडल्यावर हाडाचं टोक बोटभर उघडं पडलेलं दिसलं, की शिजलं समजायचं.

तुकडे बाजूला काढायचे, पाणी गाळून ठेवायचं. ते थंड झालं की वर चरबीचा थर येतो, तो बराचसा काढून टाकायचा. आता पाक. शंभर ग्रॅम गूळ अर्ध्या वाटी गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, म्हणजे खडे लागत नाहीत. काकवी मिळाली तर फारच उत्तम, अर्धी वाटी पुरे. तिला जो किंचित करपट, खोल गोडवा असतो तो साखरेने येत नाही. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा मिरपूड, चार-पाच लसणाच्या पाकळ्या ठेचून. हे सगळं पसरट कढईत, दीड वाटी शिजवलेल्या पाण्याबरोबर उकळत ठेवायचं. मिठाच्या पाण्यातच शिजलं आहे, तेव्हा चव बघितल्याशिवाय मीठ घालू नका. निम्म्याहून कमी झालं, चमच्याच्या पाठीला धरायला लागलं, मोठे मोठे बुडबुडे सावकाश फुटायला लागले, की बरगड्या आत सोडायच्या आणि मंद आचेवर उलटसुलट करत आठ-दहा मिनिटं घोळवायच्या.

माझी चूक इथे झाली. मी म्हटलं, गूळ आधीच मटणाला चोळू, म्हणजे छान मुरेल. बाईंनी माझा हात धरला. ‘आत्ताच टाकला तर करपतंय, ताई. कडू होतंय.’ अगदी बरोबर. गूळ मांसाआधी जळतो. चुलीच्या निखाऱ्यावर जाळी ठेवून करायचं असलं तरी मांस आधी पूर्ण शिजवलेलं हवं. पाक शेवटच्या पाच-सात मिनिटांत दोन-तीनदा लावायचा, प्रत्येक थर जरा वाळला की पुढचा.

उरलेल्या पाण्याचा त्यांनी काय केला असेल? येसूर लावून रस्सा! आपल्याकडे येसूर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी सांगते : भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाला यांचं दळण. रश्शाला दाटपणा आणतं. एका बाजूला गुळाच्या पाकात चकाकणाऱ्या बरगड्या, दुसऱ्या बाजूला येसुराचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी. हॉटेलच्या फोटोत हा रस्सा नव्हता. बिचारे हॉटेलवाले!

आणि मी? मी खाल्लं का, असं तुम्ही विचाराल. खाल्लं. पहिला घास तोंडात घालताना माझा हात थबकला, हेही लपवत नाही. बाईंनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. एवढ्या सफाईने वळवली, की त्यांना याची किती सवय असेल ते कळलं.

शाळेतली गोष्ट आठवली. सहावीत असताना माझ्या बाकावरच्या मुलीने डबा उघडला आणि ‘काय गं ते, शी!’ असं मी मोठ्याने म्हणाले. सगळा वर्ग हसला. ती मुलगी त्यानंतर मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर जाऊन खायची, आणि पुढे पुढे डबाच आणेनाशी झाली. मला कुणी काही बोललं नाही, शिक्षकही नाहीत. उलट घरी सांगितल्यावर आई म्हणाली, ‘तिच्याजवळ बसू नकोस म्हणजे झालं.’ माझी आई वाईट नव्हती हो. तिच्या आईने तिला जे शिकवलं ते तिने मला दिलं.

काय खायचं नाही, हे ठरवण्याचा प्रत्येकीला अधिकार आहे. आपल्या मुस्लिम शेजारणींना डुक्कर धर्माने वर्ज्य आहे. माळकरी घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. नरसी नामदेव आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हा हे आपल्याला नवं नाही. ते पाळावं, आणि बाकीच्यांनी त्याचा मान ठेवावा. त्यांच्या भांड्यात भांडं मिसळू नये, आग्रह करू नये. पण ‘मी खात नाही’ आणि ‘खाते ती हलकी’ या दोन वाक्यांमध्ये मोठं अंतर आहे, आणि आपण बहुतेक जणी ते अंतर नकळत पार करून बसलेल्या असतो. खिडकी बंद होते ती दुसऱ्या वाक्यामुळे.

हेच मांस जातीला आणि गावाला चिकटलेलं नसलं, की त्याचं नाव बदलतं. गोव्यात नाताळाला सोरपोतेल होतं. विंदालू मुळात डुकराचंच. व्हिनेगर आणि लसणात मांस मुरवण्याची पोर्तुगीजांची पद्धत गोव्याच्या मिरची-मसाल्यात मिसळली आणि तो पदार्थ जन्मला. आपल्या वसईच्या ईस्ट इंडियन घरांत सणाला डुकराचं मटण मानाने होतं. कर्नाटकात कोडगूच्या लोकांची पंदी करी लग्नातली पंगत सजवते, त्यात चिंचेसारखं आंबट कचमपुळी घालतात. चीनमध्ये बरगड्या साखर आणि व्हिनेगरमध्ये घोळवतात. आपला गूळ-चिंच आणि त्यांचं साखर-व्हिनेगर, हिशेब एकच. अमेरिकेत धुरावर भाजलेल्या ज्या बरगड्यांचं आज एवढं कौतुक आहे, तो एके काळी स्वस्तातला तुकडा होता. गरिबांनी, विशेषतः गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी तो तासन्‌तास शिजवून चविष्ट केला. मालकांना चांगले तुकडे, यांना हाडं. आणि नाव झालं ते हाडांचं!

आपल्याकडे या स्वयंपाकाबद्दल लिहिलं गेलं आहे, पण फार उशिरा. उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं. जेवणाआधी म्हणायच्या श्लोकातला शब्द उलटा करून ठेवलेलं नाव! मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचा स्वयंपाक त्यात आहे. कमी तेलाचा, मोजक्या मसाल्याचा, जे मिळेल त्यातून उभा केलेला. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही आला. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर इंग्रजीत एक पुस्तक केलं होतं. ‘हे ताट भारतीय नाही का?’ असा त्याच्या नावाचा अर्थ. आपल्या घरातल्या पाककृतींच्या पुस्तकांची पानं आठवून बघा. त्यांत खानदेशी शेवभाजी असते, कोल्हापुरी पांढरा रस्सा असतो, हल्ली मेक्सिकन आणि थाईही असतं. अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या वस्तीत शिजणारं मात्र नसतं. मी या पानाची इतकी वर्षं राखण करते आहे, मीही कधी छापलं नाही. कुणी मागितलं नाही, हे माझं कारण. आता कळतं, का मागितलं नाही ते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. डुक्कर सगळ्याच दलित घरांत शिजतं असं मुळीच नाही. एकाच वस्तीत कुणाकडे चालतं, कुणाकडे नाही. आणि खाणारे काही एकाच जातीचे नाहीत. सवर्ण घरातली मुलं पुण्याला जाऊन काय काय खातात, ते त्यांच्या आयांना विचारू नका, त्यांना माहीत नसतं!

‘पण ताई, ते जनावर घाणीत फिरतं ना?’ हा प्रश्न येणार, आणि तो खोटा नाही. गावात मोकाट फिरणारी डुकरं उकिरड्यावर आणि उघड्यावरच्या विष्ठेवर जगतात. अशा जनावराच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी असू शकतात, साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या, पांढरट. तसं मांस दिसलं तर फेकून द्यायचं, विचारसुद्धा करायचा नाही. आणि कुठलंही डुकराचं मटण अर्धकच्चं खायचं नाही. कुकरमध्ये वर सांगितल्याइतका वेळ शिजवलं, की तो धोका उरत नाही. मुख्य म्हणजे बंदिस्त जागेत, चांगल्या खाद्यावर वाढवलेलं जनावर असेल तिथूनच घ्यायचं. या बाई तसंच घेतात. ओळखीचा माणूस आहे, यॉर्कशायर जातीची पांढरी डुकरं पाळतो, रविवारी सकाळी मटण विकतो. सरकारी कागदावर याला ‘वराहपालन’ म्हणतात आणि राष्ट्रीय पशुधन अभियानातून त्याला अनुदानही मिळतं. वराह म्हटलं की विष्णूचा तिसरा अवतार, डुक्कर म्हटलं की शिवी!

आणखी एक. ‘कोबीतली अळी मेंदूत जाते’ अशी भीती आपण सगळ्या जणी ऐकून आहोत. ती अळी नसते. ती याच पट्टकृमीची अंडी असतात. ज्या माणसाच्या पोटात हा जंत आहे, त्याच्या विष्ठेतून ती बाहेर पडतात, आणि न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून, हात न धुता केलेल्या स्वयंपाकातून दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यातून मेंदूत गाठी होतात, फिट्स येतात. म्हणजे आयुष्यात कधी डुक्कर न खाल्लेल्या शाकाहारी बाईलाही हा आजार होऊ शकतो, आणि होतो. तिचा बचाव शेजारणीची खिडकी बंद करून होत नाही. संडास, साबण आणि भाज्या नीट धुण्याने होतो. फिट आली की कांदा हुंगवणं सोडून डॉक्टरकडे न्या, यावर औषधं आहेत.

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा कहर झाला तेव्हा लोकांनी डुकराचं मटण सोडलं. खरं तर तो आजार माणसाच्या खोकल्या-शिंकण्यातून पसरत होता, शिजवलेल्या मांसातून नाही. २०२० पासून ईशान्य भारतात डुकरांवर आफ्रिकन स्वाइन फीवर आला. त्याने जनावरं पटापट मरतात, पाळणाऱ्याचं कंबरडं मोडतं, पण माणसाला तो होत नाही. नावात ‘स्वाइन’ असलं की आपला निम्मा विचार तिथेच थांबतो.

पौष्टिक म्हणाल तर प्रथिनं भरपूर, आणि ब-१ जीवनसत्त्व इतर मटणांपेक्षा पुष्कळ जास्त. बरगडीत चरबीही खूप, आणि वर गूळ, तेव्हा मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी एखादा तुकडा चाखावा, ताट भरून घेऊ नये. बाईंच्या नवऱ्याला शुगर आहे. त्याला त्या दिवशी रस्सा-भाकरी मिळाली. बरगड्यांकडे तो ज्या नजरेने बघत होता, ते पाहून मलाच वाईट वाटलं.

निघताना मी पुन्हा विचारलं, नावाचं काय करायचं? बाई जरा वेळ कढई घासत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘माझं काई नाही, ताई. पोराची आत्ता स्थळं बघायलेत. आन् घर सोडा म्हटले तर अकरा म्हैन्याच्या भाड्यात दुसरं घर कुठं मिळतंय?’ एवढ्या साध्या हिशेबापुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. जात न विचारता ‘व्हेज आहात ना?’ एवढंच विचारून घर नाकारण्याची रीत आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाही. त्या प्रश्नात दोन्ही विचारलेलं असतं, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

तेव्हा नाव छापलेलं नाही. घर कुठल्या गल्लीत, तेही लिहिलेलं नाही. पण तुमच्यापैकी ज्या घरमालकीण आहात त्यांना विचारते : तुमच्या भाडेकरणीने शेवटची खिडकी उघडी ठेवून कधी स्वयंपाक केला होता, आठवतं का? आणि ज्या मैत्रिणींच्या आईच्या हातचं असं काही असेल जे तुम्ही कुणाला सांगितलं नाही, त्यांनी जरूर लिहून पाठवा. प्रमाण, वेळ, कुठलं लाकूड, कुठला मसाला, सगळं. नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पाककृती छापायची की नाही हा प्रश्न आता माझ्याकडे राहिलेला नाही.

परवा बाईंचा फोन आला होता. मुलगा शनिवारी येतोय. काकवीची बाटली आणून ठेवली आहे, खाटकाला सांगून ठेवलं आहे. चिंच जरा जास्त घालणार आहेत, कारण मुलाला आंबट आवडतं. ‘आन् खिडकीचं?’ मी विचारलं. ‘बघू,’ म्हणाल्या, ‘त्या दिवशी लाइट गेली तर उघडावीच लागंल.’